विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प: प्रश्न निवडण्यापासून परीक्षकांसमोर उभं राहण्यापर्यंत

शाळेच्या सूचना फलकावर विज्ञान प्रदर्शनाची तारीख लागली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न एकच असतो: मॉडेल कसलं करायचं? मग मोबाइलवर शोधाशोध होते. सिरिंजचा जेसीबी, खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी, पर्जन्यजल संधारणाचं रंगीत घर यांपैकी काहीतरी ठरतं आणि आदल्या रात्री घरातली मोठी माणसं फेव्हिकॉल घेऊन बसतात. हा लेख पहिल्यांदाच प्रदर्शनात उतरणाऱ्या सहावी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. त्यांचे पालक आणि या वर्षी नव्यानेच विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी मिळालेले शिक्षक यांनाही तो उपयोगी पडेल.

माझं म्हणणं थोडक्यात असं: सुरुवात वस्तूपासून करू नका, प्रश्नापासून करा. आणि प्रश्न असा घ्या, ज्याचं उत्तर तुम्ही स्वतः मोजून काढू शकाल. एवढं जमलं की बाकीच्या पायऱ्या सरळ आहेत.

आधी कशात भाग घ्यायचाय ते पाहा

महाराष्ट्रात शालेय विज्ञान प्रदर्शन शाळेतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि मग राज्य पातळीवर जातं. त्याच्या पुढे राष्ट्रीय प्रदर्शन असतं. दरवर्षी एनसीईआरटी एक मुख्य विषय आणि त्याखाली काही उपविषय जाहीर करते. शिक्षकांकडून ते परिपत्रक मागून घ्या आणि स्वतः वाचा. प्रकल्प उत्तम आणि उपविषयात बसत नाही, असं झालं तर हळहळ वाटते. मात्र उपविषय बरेच सैल असतात. शेती, आरोग्य, पाणी, ऊर्जा, वाहतूक, गणित यांतलं काही ना काही त्यांत असतंच. त्यामुळे आधी प्रश्न शोधा आणि मग तो कुठल्या उपविषयात बसतो ते पाहा. उलट दिशेने गेलात तर ‘शाश्वत विकास’ अशा मोठ्या नावाखाली अडकून पडाल.

याशिवाय दोन-तीन वाटा आहेत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून भरते. तिथे १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातल्या प्रश्नावर अभ्यास करून तो मांडतात. प्रतिकृतीपेक्षा तिथे नोंदी आणि सर्वेक्षणाला महत्त्व असतं. इन्स्पायर मानक योजनेत शाळा मुलांच्या नव्या कल्पना ऑनलाइन पाठवते. निवड झाली तर कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. म्हणून खातं मुलाच्या नावावर आधीच उघडलेलं बरं. सहावी आणि नववीसाठी असलेल्या होमी भाभा बाल वैज्ञानिक स्पर्धेतही पुढच्या टप्प्यावर कृती संशोधन प्रकल्प करावा लागतो. काही शाळा फक्त २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला घरगुती प्रदर्शन भरवतात. नवख्यांसाठी तेही छान आहे, कारण तिथे दडपण कमी असतं.

वेळेचा हिशेब

तालुका पातळीची प्रदर्शनं सहसा हिवाळ्यात, डिसेंबरच्या आसपास होतात. त्यावरून मागे मोजत या. जुलै-ऑगस्टमध्ये प्रश्न ठरवावा, सहामाही परीक्षेआधी एक छोटी चाचणी घेऊन पाहावी आणि खरी मोजमापं दिवाळीच्या सुट्टीत करावीत. सुट्टीत दिवसातून तीन वेळा नोंद घेणं जमतं, शाळा चालू असताना ते जमत नाही. अहवाल आणि तक्ते सुट्टीनंतरच्या दोन आठवड्यांत होतात. झाडं वाढवण्याचा, कंपोस्टचा किंवा पाऊस मोजण्याचा प्रकल्प असेल तर मात्र जूनमध्येच सुरुवात हवी. निसर्ग प्रदर्शनाच्या तारखेसाठी थांबत नाही.

प्रश्न कसा शोधायचा

एक लहान वही घ्या आणि आठवडाभर घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या माणसांची विधानं लिहून काढा. ‘तुरटी फिरवली की गढूळ पाणी लगेच नितळतं.’ ‘थंडीत दही लागायला वेळ लागतो.’ ‘भांड्याच्या साबणाचं पाणी झाडांना घालू नये.’ ‘सोयाबीनचं पोतं आदळू नये, बी उगवत नाही.’ ‘रंगवलेल्या माठात पाणी गार होत नाही.’ यातलं प्रत्येक विधान खरं असेल, खोटं असेल किंवा अर्धं खरं असेल. आजीने सांगितलं म्हणून ते मानायचं नाही आणि आजीने सांगितलं म्हणून उडवूनही लावायचं नाही. मोजून पाहायचं. आपल्या घरांमध्ये अशा विधानांची खाण आहे आणि त्यातली फारच थोडी कुणी आकड्यांत तपासली आहेत.

मग त्या विधानाला प्रश्नाचं रूप द्या. ‘तुरटीचा अभ्यास’ हा प्रश्न नाही. ‘तुरटी पाणी स्वच्छ करते का?’ याचं उत्तर पुस्तकात आहे. ‘आमच्या ओढ्याच्या १ लिटर गढूळ पाण्याला किती तुरटी घातली तर ते सर्वांत लवकर नितळतं, आणि त्याहून जास्त घातली तर काही फायदा होतो का?’ हा प्रश्न झाला. त्यात काय बदलायचं ते ठरलेलं आहे (तुरटीचं प्रमाण), काय मोजायचं ते ठरलेलं आहे (नितळण्याचा वेळ), आणि त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात तयार मिळणार नाही, कारण ओढा तुमचा आहे.

शेतकरी घरातल्या मुलांना मी सोयाबीनचा प्रश्न आवर्जून सुचवतो. सोयाबीनच्या बियाचं आवरण पातळ असतं, त्यामुळे मळणीत आणि पोत्यांच्या फेकाफेकीत बी दुखावतं. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी असा निकष आहे, आणि पेरणीआधी घरच्या बियाण्याची चाचणी घ्या असं कृषी खातं दर हंगामात सांगतं. ती चाचणी तुमच्या गावात बऱ्याच जणांना येत असेल: ओल्या गोणपाटावर दहा-दहा बियांच्या ओळी मांडायच्या, शंभर बिया झाल्या की गुंडाळी करायची, सावलीत ओलसर ठेवायची आणि सहा-सात दिवसांनी धड कोंब मोजायचे. आता यात एक बदल करा. एकाच बियाण्याच्या चार सारख्या पिशव्या भरा. एक अजिबात आदळू नका, बाकीच्या डोक्याच्या उंचीवरून फरशीवर ५, १० आणि २० वेळा आदळा. मग चारींची उगवण तपासा. खर्च जवळपास शून्य आहे, आणि उत्तर आलं तर ते हमालाला, ट्रॅक्टरवाल्याला आणि घरच्या काकांना, सगळ्यांना कळेल असं असेल.

काही विषयांपासून लांब राहिलेलं बरं. मोटारला जनरेटर जोडून ‘फुकट वीज’ तयार करणारी प्रतिकृती दर प्रदर्शनात एखादी तरी असते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तिला परवानगी देत नाही, आणि परीक्षक पहिल्याच मिनिटाला ते विचारतात. बाजारातून किट आणून जोडलेली अंधांची काठी किंवा आपोआप उघडणारी कचराकुंडी यांतून हात चालवायला शिकता येतं, पण ‘यात तुझं काय?’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही. उपकरण करायची हौस असेल तर जरूर करा, फक्त त्याचीही परीक्षा घ्या. कचराकुंडीचं झाकण किती अंतरावरून उघडतं, शंभरदा हात नेला तर किती वेळा चुकतं, उन्हात ठेवल्यावर चुका वाढतात का, हे मोजलंत की तो प्रकल्प तुमचा होतो.

आणि सुरक्षिततेचं स्पष्ट सांगतो. तोंडातले, हातावरचे किंवा गटारातले जिवाणू घरी वाढवायचे नाहीत. घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर उघड्या तारा जोडायच्या नाहीत, त्याऐवजी सेल वापरा. तीव्र आम्ल शिक्षक समोर नसताना हातात घ्यायचं नाही. प्राण्यांना त्रास होईल असा प्रयोग करायचा नाही. प्रश्न कितीही चांगला असला तरी या चार गोष्टींवर तडजोड नाही.

एक प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत: रंगवलेला माठ

सगळ्या पायऱ्या नुसत्या सांगण्यापेक्षा एक प्रकल्प उघडून दाखवतो. हल्ली बाजारात तैलरंगाने रंगवलेले, चकचकीत माठ मिळतात. दिसायला सुंदर असतात. प्रश्न असा: बाहेरून रंगवलेलं मडकं साध्या मडक्याइतकं पाणी गार करतं का? नसेल, तर किती फरक पडतो?

मागचं विज्ञान तुम्हाला माहीत आहे. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. पाणी त्यांतून पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावर येतं, तिथे त्याचं बाष्पीभवन होतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता मडक्यातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. रंगाने छिद्रं बुजली तर बाष्पीभवन कमी व्हायला हवं. हा झाला तुमचा अंदाज, म्हणजे गृहीतक. प्रयोगाच्या आधी तो वहीत तारखेसह लिहून ठेवा. नंतर लिहिलेला अंदाज हा अंदाज नसतो.

आता मडकी. मोठे माठ महाग पडतात आणि उचलायला जड असतात, म्हणून कुंभाराकडून अर्धा-पाऊण लिटरची लहान मडकी आणा. नऊ मडकी घ्या, आणि ती एकाच आव्यातली, म्हणजे एकाच वेळी भट्टीत भाजलेली असावीत. वेगवेगळ्या वेळी भाजलेल्या मडक्यांची माती आणि भाजणी वेगळी असू शकते, मग फरक रंगाचा की भाजणीचा ते कळणार नाही. कुंभारकाकांना प्रकल्पाबद्दल सांगा. राख किंवा भुसा मातीत किती मिसळतात, त्याने मडकं जास्त पाझरतं का, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यांचं म्हणणं वहीत लिहा, अहवालात त्यांचे आभार माना.

तीन मडकी तशीच ठेवा. तीन खालच्या अर्ध्या भागात बाहेरून तैलरंगाने रंगवा. तीन बाहेरून पूर्ण रंगवा. कुठलं मडकं कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे चांगली दिसणारी मडकी नकळत एका गटात जाणार नाहीत. रंग पूर्ण सुकायला दोन-तीन दिवस द्या. प्रत्येकावर पेन्सिलीने किंवा खडूने क्रमांक घाला. जोडीला तेवढ्याच आकाराचा एक स्टीलचा डबा घ्या. त्यातून पाणी पाझरतच नाही, त्यामुळे नुसत्या हवेने पाण्याचं तापमान किती बदलतं ते तो दाखवेल. याला नियंत्रण म्हणतात. नियंत्रण नसलेला प्रयोग परीक्षक पटकन ओळखतात.

तीन-तीन मडकी कशासाठी, एक-एक का नाही? कारण एका मडक्याला न दिसणारी चीर असू शकते. तीन मडकी सारखी वागली तर तुम्ही काही म्हणू शकता.

मोजायला काय लागेल? १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि प्रयोगशाळेतला तापमापक. घरातला तापाचा तापमापक इथे चालत नाही, त्याची मोजपट्टी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते आणि माठातलं पाणी त्याच्या खाली असतं. शाळेतून दोन-तीन तापमापक आणले तर आधी ते सगळे एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून पाहा. एक २७ दाखवतो आणि दुसरा २८, असं सर्रास होतं. फरक नोंदवून ठेवा, किंवा सगळीकडे एकच तापमापक वापरा.

नवं मडकं कोरडं असतं आणि पहिल्या दिवशी ते स्वतःच पाणी पितं. त्यामुळे सगळी मडकी प्रयोगाआधी पाणी भरून पूर्ण एक दिवस ठेवा, मग रिकामी करा आणि प्रत्येकात बरोबर ५०० मिलिलिटर पाणी भरा. पाणी एकाच बादलीतलं घ्या. तोंडावर सगळ्यांना सारखी झाकणी ठेवा, नाहीतर तोंडातून उडणारं पाणीही मोजलं जाईल.

आता एक बारकावा, ज्याने अशा प्रकल्पाचा आकडा खरा की खोटा ते ठरतं. मडक्यातून पाझरलेलं सगळं पाणी उडून जात नाही, काही थेंब खाली ठिबकतात. नुसत्या मडक्याचं वजन केलंत तर ठिबकलेलं पाणीही ‘उडालं’ असं धरलं जाईल. म्हणून प्रत्येक मडकं आपापल्या ताटलीत ठेवा, खाली बाटलीची तीन बुचं ठेवा म्हणजे बुडाला हवा लागेल, आणि वजन नेहमी ताटली-मडकं-झाकणी असं एकत्र करा. ताटलीत ठिबकलेलं पाणी वजनात राहतं, खरोखर वाफ होऊन गेलेलं तेवढंच कमी होतं.

मांडणी सावलीत, वारा लागेल अशा ओसरीवर किंवा गॅलरीत करा. खिडकीजवळच्या मडक्याला जास्त वारा लागतो, म्हणून रोज सकाळी मडक्यांच्या जागा फिरवा. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता तापमान घ्या. तापमापकाने पाणी हलकेच ढवळा, थोडं थांबा, तापमापकाचा फुगा (खालचं टोक) पाण्यात असतानाच डोळे पाऱ्याच्या किंवा रंगीत द्रवाच्या पातळीला आणून वाचा. वजन सकाळी ८ आणि दुपारी ४ ला. निदान पाच दिवस करा. रोज सकाळी वजन करून झालं की जुनं पाणी काढून पुन्हा ५०० मिलिलिटर भरा, आणि भरल्यावर परत वजन घ्या. हे पाणी कुणी पिऊ नये, रंगाचा संबंध आलेला आहे.

नोंद कशी दिसावी? साधारण अशी:

‘सोमवार, सकाळी ८.१०. मडकं क्र. ४ (पूर्ण रंगवलेलं). भरल्यावर वजन ९६२ ग्रॅम. पाणी २७ अंश. हवा २७ अंश. आकाश ढगाळ, वारा नाही. ताटलीत दोन थेंब.’

शेवटची दोन वाक्यं अनावश्यक वाटतात, पण पाचव्या दिवशी एक आकडा विचित्र आला की त्यांचाच आधार लागतो. नोंदी पेनाने घ्या. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहा, खाडाखोड किंवा पांढरी शाई नको. सुंदर अक्षरात उतरवलेल्या दुसऱ्या वहीपेक्षा पाण्याचे डाग पडलेली मूळ वही परीक्षकांना जास्त पटते, तीच टेबलावर ठेवा.

आकडे बोलतात, पण घाईने नाही

समजा आठ तासांत कमी झालेलं वजन साध्या मडक्यांत ४४, ४०, ४७ ग्रॅम आलं आणि अर्ध्या रंगवलेल्यांत ३८, ४१, ३९. सरासरी ४४ च्या जवळ आणि ३९ च्या जवळ. लगेच ‘फरक आहे’ असं लिहायचा मोह होतो. पण नीट पाहा: साध्या गटातलं सर्वांत कमी ४० आहे आणि अर्ध्या रंगवलेल्यातलं सर्वांत जास्त ४१. दोन गट एकमेकांत मिसळले आहेत. अशा वेळी ‘फरक असावा असं दिसतं, पण खात्रीने सांगायला आणखी मोजमापं हवीत’ असं लिहा. पूर्ण रंगवलेल्यांत १२, १५, ११ आले असतील तर तिथे ठामपणे बोला. किती ठाम बोलायचं ते आकड्यांवर सोडणं, हा प्रकल्पातला सर्वांत मोठा धडा आहे आणि बहुतेक अहवालांत तोच नसतो.

अंदाजाच्या उलट उत्तर आलं तर? तसंच लिहा. रंगवलेल्या मडक्यानेही चांगलं गार केलं, तर रंगाच्या थरात भेगा होत्या का, रंग एकच हात दिला होता का, ते शोधा. उत्तर हवं तसं यावं म्हणून आकडा बदलणं ही फसवणूक आहे, आणि मुलांना तिची सवय मोठ्यांकडूनच लागते.

नववी-दहावीच्या मुलांनी इथे एक हिशेब जरूर करावा. खोलीच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात. पुस्तकात ५४० दिलेलं असतं, ते १०० अंशांवरचं. समजा ३० ग्रॅम पाणी उडालं. म्हणजे १७,४०० कॅलरी गेल्या. ५०० ग्रॅम पाण्याला १ अंश गार करायला ५०० कॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे पाणी जवळजवळ ३५ अंशांनी उतरायला हवं, जवळपास गोठायलाच हवं! प्रत्यक्षात ते चार-पाच अंशांनीच उतरतं. मग बाकीची उष्णता कुठून आली? बाहेरच्या हवेतून, सतत. पाणी जसं गार होतं तशी हवा त्याला उष्णता देत राहते, आणि एका ठिकाणी देणं-घेणं सारखं होऊन तापमान थांबतं. हा हिशेब ज्या मुलीने स्वतः मांडला असेल ती परीक्षकांच्या कुठल्याही प्रश्नाला घाबरणार नाही.

पाणी किती गार होऊ शकतं यालाही एक सीमा आहे, आणि ती तुम्ही मोजू शकता. तापमापकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. तापमान उतरत उतरत एका आकड्यावर थांबेल. मडक्यातलं पाणी त्याच्या खाली जात नाही. हवा कोरडी असेल तर हा आकडा बराच खाली असतो, दमट असेल तर हवेच्या तापमानाजवळच राहतो. म्हणूनच मे महिन्यात अकोल्याच्या माठातलं पाणी जिभेला गार लागतं आणि रत्नागिरीच्या माठातलं तितकं लागत नाही. तुमचा मामेभाऊ कोकणात आणि तुम्ही विदर्भात असाल तर दोघांनी एकाच दिवशी हेच मोजून आकडे फोनवर एकमेकांना सांगा. प्रकल्पाला एकदम वेगळी उंची येईल.

अहवाल आणि टेबल

अहवालात प्रश्न, अंदाज, साहित्य, कृती, नोंदींचे तक्ते, आलेख, निष्कर्ष, राहिलेल्या त्रुटी आणि आभार एवढं पुरे. कृती अशी लिहा की दुसऱ्या गावातल्या मुलाला ती वाचून तोच प्रयोग करता यावा. ‘मडक्यात पाणी भरले’ याने त्याला काही कळत नाही, ‘एक दिवस भिजवलेल्या मडक्यात ५०० मिलिलिटर पाणी भरले’ याने कळतं. इंटरनेटवरचा इतिहास आणि व्याख्या चार पानं भरून उतरवू नका, कुणी वाचत नाही. आलेख हाताने आलेख कागदावर काढलेला उत्तम. अक्षांवर काय आहे आणि एकक काय, ते लिहायला विसरू नका.

टेबलावर तीन-चार मडकी, वजनकाटा, मूळ नोंदवही आणि मागे एक तक्ता. तक्त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात प्रश्न लिहा, ‘जल ही जीवन है’ अशी घोषणा नको. थर्माकोलची सजावट टाळा, राज्यात तिच्यावर २०१८ पासून बंदी आहे, आणि पुठ्ठा-कार्डशीटने काम छान होतं. एक मडकं भरलेलं आणि ओलं ठेवा. परीक्षकांना हात लावून पाहू द्या.

परीक्षक आले की

पाठ केलेलं भाषण नको. दोन वाक्यांत प्रश्न सांगा, दोन वाक्यांत काय केलं ते सांगा, मग आलेखाकडे बोट दाखवा. परीक्षक सहसा असं विचारतात: ‘हाच प्रश्न का घेतलास, बाळा?’ ‘हे नियंत्रण कशासाठी?’ ‘तुला कुठल्या आकड्याचं आश्चर्य वाटलं?’ ‘आणखी एक महिना मिळाला तर काय करशील?’ ‘यात बाबांनी काय केलं?’ शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. बाबांनी मडकी आणून दिली, मॅडमनी तापमापक दिला, रंग मी दिला, नोंदी मी घेतल्या, असं सांगितल्याने गुण जात नाहीत. एखादं उत्तर आलं नाही तर ‘मॅडम, हे मी मोजलेलं नाही, पण असं मोजता येईल’ असं म्हणा. परीक्षकांना ‘अहो-जाहो’नेच बोला, पण आवाज दबून जाऊ देऊ नका. मोजलेलं तुमचं आहे.

दोघांच्या गटात प्रकल्प केला असेल तर दोघांनाही सगळं यायला हवं. एक बोलतो आणि दुसरा फक्त मडकं धरून उभा राहतो, हे लगेच लक्षात येतं.

पालक आणि शिक्षकांसाठी

सामान आणून द्या, वेळेची आठवण करा, गरम आणि धारदार वस्तूंजवळ उभे राहा. पण मोजणं, लिहिणं आणि आलेख काढणं मुलांच्या हातांनीच होऊ द्या, वाकडंतिकडं झालं तरी. मूल विचारेल, ‘आई, हा आकडा चुकला का गं?’ तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी ‘पुन्हा मोजून पाहू या का?’ असं म्हणा. खर्च पाचशे-सातशे रुपयांच्या पुढे जायला लागला तर प्रश्न बदला. महागड्या प्रतिकृतीसमोर गरीब घरातलं मूल आपला प्रकल्प झाकून ठेवतं. हे थांबवणं शिक्षकांच्या हातात आहे, खर्चावर मर्यादा घालून द्या.

ग्रामीण शाळांत वजनकाटा किंवा तापमापक कमी पडत असेल तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा गाठा. शाळेच्या पत्रावर मुलं स्वतः गेली तर बहुतेक ठिकाणी मदत मिळते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र इथे एकदा मुलांना नेऊन आणलंत तर साध्या वस्तूंतून किती करता येतं ते त्यांना दिसेल.

पुढच्या फेरीत गेलात तर

तालुक्याला परीक्षकांनी केलेली प्रत्येक सूचना त्याच दिवशी वहीत लिहा. ‘मडक्याच्या आत रंग दिला असता तर?’ असं कुणी विचारलं असेल तर जिल्ह्याच्या प्रदर्शनाआधी दोन मडक्यांवर तेवढं करून पाहा आणि तो आकडा तक्त्याखाली वेगळ्या पट्टीवर चिकटवा. प्रवासात मडकी फुटतात. प्रत्येक मडकं कापडात गुंडाळून कोरड्या पेंढ्यात ठेवा, एक-दोन जास्तीची न्या आणि वजनकाट्याचे सेल नवे घाला. नोंदवहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, वही मात्र तुमच्या हातातल्या पिशवीतच असू द्या.